पाळण्यातला ताप

कालिंदी परब आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारत आली होती. कोल्हापूरच्या कोर्टात ती उलटतपासणीला उभी राहिली की साक्षीदार आधी पाणी मागतो, असं तिचे ज्युनिअर कौतुकानं सांगायचे. त्यामुळे डॉ. रुबिना मुजावर पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि स्वच्छ असलेला चष्मा पुन्हा पुसायला लागल्या, तेव्हाच तिनं ओळखलं, बाईंना काहीतरी सांगायचंय आणि ते धड नाही.

"तुमच्यासाठी लिव्हर मिळालंय," डॉक्टर म्हणाल्या. "पण ते आजारी आहे."

"आजारी लिव्हर माझ्याकडे आहेच की," कालिंदी म्हणाली. "त्यासाठी दुसऱ्याचं कशाला?"

डॉक्टरांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. कालिंदीच्या शरीरानं स्वतःच्याच लिव्हरशी भांडण काढलं होतं आणि वर्षभरात त्याचा पार चोथा करून टाकला होता. डोळे पिवळे, अंग पिवळं, पोटात पाणी. नवं लिव्हर मिळालं नाही तर महिनाही निघायचा नाही, हे तिला स्पष्ट सांगून झालं होतं. दुसरा रस्ता होता, आणि तो तिच्या पायाशी बसून मोबाईलवर बोटं फिरवत होता. सावनी, तिची एकुलती एक मुलगी. नवरा गेल्यापासून घरात दोघीच. ह्या पोरीनं आईला न विचारता सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या आणि जाहीर केलं होतं, माझं अर्धं घ्या, ते परत वाढतं. वाढतं हे खरं. पण एखाद्या वेळी काहीतरी बिघडतं, आणि त्या एखाद्या वेळेसाठी पोटची पोर टेबलावर आडवी करायला कालिंदी तयार नव्हती. ती म्हणायची, मी गेले तरी चालेल. सावनी म्हणायची, मला चालणार नाही. दोघींचं असं चाललं होतं.

आता ही गोष्ट ज्या काळातली आहे तो काही फार लांबचा काळ नव्हे. आज दप्तर पाठीवर टाकून शाळेत जाणारी मुलं तेव्हा नोकरीला लागलेली असतील, एवढाच लांब. पण तेवढ्यात दोन यंत्रं येऊन गेली होती, आणि त्यांची ओळख करून घेतल्याशिवाय आपल्याला पुढे जाता यायचं नाही.

पहिल्या यंत्राला हॉस्पिटलमध्ये सगळे पाळणा म्हणायचे. पूर्वी दात्याच्या शरीरातून काढलेलं लिव्हर बर्फात घालून धावतपळत आणावं लागे. काही तासांत ते बसवलं नाही तर फुकट. पाळण्यात ते आठवडा-दीड आठवडा जिवंत राहायचं. अंगाइतकीच ऊब, नळ्यांमधून फिरणारं रक्त, साखर, प्राणवायू, आणि वर अधूनमधून हळूच हलवणारी गादी, म्हणून ते नाव. लिव्हर त्यात नुसतं पडून नसायचं. ते काम करायचं, पित्त तयार करायचं. खालच्या काचेच्या नळीत ते सोनेरी पित्त थेंबाथेंबानं पडताना दिसलं, की समजायचं, स्वारी खुशाल आहे.

दुसऱ्या यंत्राचं नाव लांबलचक होतं, पण मराठी माणसानं त्याची केव्हाच कुंडली करून टाकली होती. खरी कुंडली पुढचं सांगते आणि ते खरं ठरेलच असं नाही. ही कुंडली मागचं सांगायची आणि बिनचूक सांगायची. आपल्या अंगात जो जो शत्रू शिरला, मग तो कांजिण्यांचा विषाणू असो की पायाला चावलेली गोचीड, त्याला ओळखणाऱ्या पेशी शरीर सांभाळून ठेवतं. त्या पेशी अँटीबॉडी बनवतात. एका अँटीबॉडीची एकाच शत्रूशी गाठ. यंत्र थोड्या रक्तातून अशा लाखो अँटीबॉडी वाचायचं आणि त्या माणसाला जन्मापासून काय काय भेटलं ते मांडून दाखवायचं. त्यात गोचीड तर फारच बोलकी निघाली. ती चावायच्या आधी लाळेनं भूल देते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही; पण त्या लाळेची आठवण रक्त ठेवतं, आणि दर डोंगराच्या, दर रानाच्या गोचिडीची लाळ थोडी थोडी वेगळी असते. म्हणजे माणसाला ती कुठे कुठे आणि केव्हा चावली ते नकाशावर ठिपके देऊन सांगता येतं. आणखी एक गंमत. अँटीबॉडीची धाटणी आईबापांकडून येते, नाकासारखी. त्यामुळे ती कुणाच्या पेशींनी बनवली तेही यंत्राला कळतं.

तर झालं होतं असं. घाटरस्त्यात एक टेम्पो उलटून एका पन्नाशीच्या माणसाच्या डोक्याला मार लागला. मेंदू मेला, बाकी शरीर धडधाकट. घरच्यांनी मन घट्ट करून अवयव दिले. त्याचं नाव कायद्यानं कुणाला सांगायचं नसतं, म्हणून आपणही ते विचारू नये. त्याला ताप नव्हता, अंगावर पुरळ नव्हतं, काही नव्हतं. लिव्हर पाळण्यात ठेवून झालं आणि मग कुंडली आली. रक्तात एक जिवंत विषाणू होता. माकडतापाच्या भावकीतला, गोचिडीनं आणलेला, पण कुठल्याच यादीत नसलेला. अपघात झाला नसता तर दोन-चार दिवसांत तो माणूस तापानं फणफणला असता.

"तो विषाणू माझ्यात आला तर?" कालिंदीनं विचारलं.

नवं लिव्हर अंगानं स्वीकारावं म्हणून तुमची प्रतिकारशक्ती आम्ही औषधांनी झोपवलेली असते, डॉक्टर म्हणाल्या. घरातला राखणदार झोपलेला आणि चोर सामानाबरोबरच आत आलेला. पूर्वी असे रुग्ण गेलेत, आणि डॉक्टरांना कळलंसुद्धा नाही कशानं गेले. ह्या विषाणूवर औषध नाही.

शिवाय दुसरीच पंचाईत होती. दात्याच्या कुंडलीत गोचिडीच्या चाव्यांची नुसती रेलचेल होती, आणि त्याच्या बायकोला तर तीन-तीनदा विचारलं होतं, तुमचे यजमान जंगलात जायचे का? लाकडाला, शिकारीला, काजूच्या बागेत? तिनं ठाम सांगितलं होतं, कधीच नाही. मग रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल झाली की काय, असं प्रत्यारोपणाच्या समितीला वाटायला लागलं. नमुन्याबद्दल शंका असली तर नियम एकच. उद्या सकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर लिव्हर टाकून द्यायचं.

सावनीनं मोबाईल खाली ठेवला. "म्हणजे मग मी," ती म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली.

कालिंदीनं डोळे मिटले. उलटतपासणीत कोंडी झाली की ती असेच मिटायची. मग म्हणाली, तो नकाशा मला दाखवा. नाव-गाव झाका आणि दाखवा. डॉक्टरांनी इकडेतिकडे बघितलं आणि टॅबलेट तिच्या मांडीवर ठेवला.

पडद्यावर तळकोकण होतं. डावीकडे समुद्र, उजवीकडे सह्याद्री, आणि मधे लाल ठिपके, गोवर उठल्यासारखे. एकेका ठिपक्याभोवती कडी होती; दर वर्षीच्या चाव्याचं एक कडं. डॉक्टर सांगत होत्या, दिवाळीनंतर चावे सुरू होतात आणि पावसाळ्याआधी थांबतात, तीस वर्षं हेच. लाकूडतोड्या एकाच रानात जातो. हा माणूस वर्षातून एकदाच प्रत्येक ठिकाणी जायचा, आणि दर वर्षी त्याच क्रमानं. असा प्राणी आम्ही बघितला नाही.

कालिंदीनं बोटानं नकाशा मोठा केला. एक ठिपका वेळसईवर होता. वेळसई तिचं माहेर. ठिपक्यावर महिना डिसेंबर, म्हणजे मार्गशीर्ष. तिनं वरचा ठिपका बघितला, तिरोळी. मग त्याच्या पुढचा. आणि पिवळ्या पडलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर महिन्याभरानं हसू फुटलं.

"अहो, ह्या जत्रा आहेत," ती म्हणाली. "हा माणूस दशावतारी आहे."

तिच्या भागातल्या कुठल्याही माणसानं हे ओळखलं असतं. डॉक्टर पडल्या मिरजेच्या आणि समितीतली मंडळी पुण्याची, त्यांच्या डोक्यात ते यायचं कारण नव्हतं. दिवाळी झाली की तळकोकणात गावोगावच्या देवांच्या जत्रा सुरू होतात आणि दशावताराची कंपनी आपले पेटारे घेऊन एका देवळाकडून दुसऱ्या देवळाकडे निघते. रात्रभर नाटक. पहाटे दहीकाला फुटला की खेळ संपला. मग राजे, राक्षस, नारद सगळे तोंडं धुतात, देवळाच्या राईत झाडाखाली गवत पसरतात आणि दुपारपर्यंत मेल्यासारखे झोपतात. दुपारी उठले की पुढचं गाव. राई देवाची, तिथे कुणी कुऱ्हाड लावत नाही, पाचोळा उचलत नाही, आणि पायात चप्पल तर कुणी घालतच नाही. गोचिडीला आणखी काय पाहिजे?

"आणि त्याची बायको?" डॉक्टरांनी विचारलं. "ती का म्हणाली, जंगलात जात नाही?"

"ती खरंच बोलली. देवाच्या राईला आमच्याकडे कुणी जंगल म्हणत नाही. देवळात गेलेल्या माणसाला तुम्ही रानात गेला होता म्हणाल का?" कालिंदी आता चांगलीच खुलली होती. "साक्षीदार चोख आहे, डॉक्टर. प्रश्न बदला."

डॉक्टर हाडाच्या शास्त्रज्ञ. त्यांनी वाईट वाटून घ्यायला वेळ घालवला नाही, तिथल्या तिथे अवयवदानाच्या समन्वयकाला फोन लावून नवा प्रश्न सांगितला. दुसऱ्या टोकाला ती बिचारी बायको रडता रडता चकित झाली. "ते रानात कित्याक जातले? ते नाटकात आसत," ती म्हणाली. मग तिनं जत्रांची नावं घेतली. ती ठिपक्यांना ओळीनं जुळत गेली. नमुना त्याचाच होता.

लिव्हर टाकून द्यायची भीती गेली, पण विषाणू तिथेच होता. मात्र आता डॉक्टरांना पुढचं सुचलं. ज्या गवतावर हा माणूस झोपला त्याच गवतावर अख्खी कंपनी झोपली होती. फोनाफोनी झाली. कंपनीतला पखवाजवाला मोसमाच्या सुरुवातीच्या एका जत्रेनंतर आठवडाभर तापानं पडून उठला होता, आणखी दोघांना कणकण येऊन गेली होती. तिघांच्या रक्तात त्या विषाणूवरच्या अँटीबॉडी निघाल्या. कंपनीचा मालक तिघांना गाडीत घालून स्वतः घेऊन आला. किती रक्त लागेल, धोका काय, हे सगळं डॉक्टर समजावून सांगायला लागल्या तर त्यानं मधेच थांबवलं. "आमच्या राजाक व्हया मां? मगे घेवा किती व्हया तां," एवढंच बोलला आणि बाही वर सारून स्वतःचाही हात पुढे केला. डॉक्टरांना शब्द कळले नाहीत, हवं तेवढं घ्या एवढं कळलं, आणि त्यांनी ते जसेच्या तसे कालिंदीला येऊन सांगितले. त्या दिवसापासून, नाटकात राजा होणाऱ्या त्या दात्याला कालिंदी राजे म्हणायला लागली. नाव शोधणं अवघड नव्हतं. अपघाताची बातमी वर्तमानपत्रात आलेली असणार. पण तिनं शोधलं नाही.

डॉक्टरांचा बेत ऐकून समितीतल्या दोघांनी कपाळाला हात लावला म्हणतात. उसन्या अँटीबॉडी पाळण्यातल्या रक्तात सोडायच्या आणि लिव्हरला आजारातून उठू द्यायचं. पाळण्यातच. माणूस गेला, त्याचं लिव्हर मागे राहिलं, त्याचा ताप अजून यायचाय. तो येऊ दे, चढू दे आणि उतरू दे. उतरला तर बसवू. असं आजवर कुणी केलं नव्हतं. दोन्ही किडन्या दुसऱ्या शहरात दुसऱ्या पाळण्यांत थांबल्या होत्या, त्यांचंही भवितव्य ह्यावरच होतं.

सावनी मात्र भडकली. ती आवाज चढवत नसे. रागावली की शब्द मोजून बोलायची, अगदी आईसारखी.

"तो तुझ्या माहेरच्या राईत झोपायचा म्हणून तुला तो आपला वाटायला लागलाय," ती म्हणाली. "हा पुरावा नाही, आई. नकाशात वेळसई नसतं तर तू हे लिव्हर घेतलं असतंस?"

पोरीनं नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. पूर्वी दाता म्हणजे कुणीतरी अनोळखी पुण्यवान जीव असायचा. हात जोडले, संपलं. ह्या यंत्रानं त्याला पाय दिले, वाट दिली, झोपायला गवत दिलं. तिला आता त्याची काळजी वाटत होती, आणि काळजी वाटणाऱ्या माणसानं न्याय करू नये हे तिनंच कितीदा कोर्टात ठणकावलं होतं. खरं सांगायचं तर तिला भीतीही वाटत होती. सावनीच्या पोटावरून फिरणारी सुरी तिला डोळे मिटले की दिसायची.

शेवटी मायलेकींनी तह केला. डॉक्टर साक्षीला. रविवारची सकाळ ही मुदत. तोवर लिव्हरचा ताप उतरला, पित्त परत सुरू झालं आणि विषाणू लागोपाठ दोनदा सापडला नाही, तर ते घ्यायचं. नाही उतरला तर कालिंदीनं तोंडातून चकार शब्द न काढता सावनीचं घ्यायचं. सावनीनं हात पुढे केला आणि कालिंदीनं तो धरला.

दुसऱ्या दिवशी राजांना ताप आला.

कालिंदीनं हट्ट करून चाकाच्या खुर्चीतून स्वतःला तिथे न्यायला लावलं. काचेपलीकडे पाळणा होता. लिव्हर तिनं पहिल्यांदाच बघितलं. तिला वाटलं होतं खाटकाच्या दुकानात असतं तसं काहीतरी असेल. ते तसं नव्हतं. चकचकीत, तांबूस, जिवंत होतं, आणि गादी हलली की अंगावर उजेड सरकायचा. एरवी यंत्राला ते ऊबदार ठेवावं लागे. आता उलटं झालं होतं. आतल्या पेशी विषाणूशी अशा झुंजत होत्या, की लिव्हर स्वतःच तापत होतं आणि यंत्र त्याला सारखं थंड करत होतं. कपाळावर पट्ट्या ठेवाव्या तसं. डोकं नाही, कपाळ नाही, घाबरायला मन नाही, ज्याचं होतं तो माणूस जाऊन त्याच्या गावी राखसुद्धा सावडून झालेली, आणि इथे त्याचं लिव्हर तापानं फणफणलेलं होतं. कालिंदीच्या अंगावर काटा आला. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी ती दुपारभर तिथे बसून राहिली.

पित्ताचे थेंब आधी मंद झाले, मग काळपट झाले, मग थांबले. पखवाजवाल्याच्या अँटीबॉडी नळीतून जातच होत्या. विषाणूचा आकडा खाली यायचा, पुन्हा वर जायचा. शनिवारी डॉक्टर मुजावर काचेजवळ आल्या. उसनं संपत आलंय, त्या म्हणाल्या. कंपनीच्या लोकांचं आता आणखी रक्त घेता येणार नाही.

सावनीला दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलचे कपडे दिले होते. ती उपाशी होती, केसांची घट्ट वेणी घातलेली. ती येऊन आईजवळ जमिनीवर बसली आणि काचेतून बघायला लागली. इतके दिवस ती तिकडे फिरकलीसुद्धा नव्हती. मग आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून म्हणाली, किती लढतंय गं. कालिंदीनं तिच्या वेणीवरून हात फिरवला. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

"राजे," ती काचेला म्हणाली, "उठा हो आता. पोरीसाठी उठा."

रविवारी सकाळी दोघींना न्यायला माणसं आली तेव्हा पाळण्याच्या खोलीत गर्दी होती. नर्स, तंत्रज्ञ, समितीतला कपाळाला हात लावणारा एक पुणेकर, सगळे वाकून काचेच्या नळीकडे बघत होते. नळीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. पडतो की नाही, पडतो की नाही, आणि पडला. सोनेरी. त्याच्यामागून दुसरा आला. यंत्रानं थंड करणं थांबवलं होतं. पहाटेपासून ते पुन्हा ऊब देत होतं. विषाणू दोन्ही तपासण्यांत सापडला नव्हता.

पण डॉक्टर मुजावर नळीकडे बघतच नव्हत्या. त्या कुंडलीच्या पडद्यापुढे बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी कालिंदीची खुर्ची जवळ ओढली. विषाणूला मारणाऱ्या अँटीबॉडी वाचल्या, त्या म्हणाल्या, आणि धाटणी बघितली. पखवाजवाल्याची नव्हती. कंपनीतल्या कुणाचीच नव्हती. उसन्यांनी फक्त वेळ काढून दिला. ह्या माणसाला तरुणपणी कधीतरी साधा माकडताप येऊन गेला असणार. त्याची आठवण असलेल्या पेशी लिव्हरमध्ये दडून होत्या. त्या जुन्या ओळखीवरून त्यांनी नव्या विषाणूचा अदमास घेतला, चुकल्या, सुधारल्या आणि काल कधीतरी त्यांना ते साधलं.

"कळतंय का तुम्हाला?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "माणूस गेल्यावर त्याचं लिव्हर नवी गोष्ट शिकलंय."

कालिंदीला कळलं होतं. तिनं हात जोडले. सावनीनंही जोडले, आणि मग ती भूक लागली म्हणून कँटीनला पळाली, कारण आता तिला उपाशी राहायचं काही कारण उरलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. लिव्हरनं बनवलेल्या अँटीबॉडींनी साफ होऊन किडन्याही दोघांना बसल्या. तीन महिन्यांत कालिंदी कोर्टात उभी राहिली. वर्षाच्या तपासणीला डॉक्टरांनी तिची कुंडली काढली आणि हसत टॅबलेट तिच्यापुढे सरकवला. कोल्हापूरच्या डासांची, लहानपणच्या गोवराची, तिच्या स्वतःच्या आयुष्याची नोंद होतीच. पण त्या नोंदींमधून तळकोकणभर लाल ठिपके उठले होते. वेळसई सोडली तर जिथे ती कधी गेली नव्हती त्या राया, जिथे ती कधी झोपली नव्हती ते गवत, तीस वर्षांच्या जत्रा. लिव्हरबरोबर आलेल्या पेशी तिच्यात नांदत होत्या आणि आपलं जुनं सगळं जपून होत्या. कालिंदी बराच वेळ तो नकाशा बघत बसली. एका देहात दोघांचं आयुष्य मावतं, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं पुरावा मागितला असता.

पुढच्या मार्गशीर्षात एका दुपारी डॉक्टर मुजावरांचा फोन आला. तळकोकणातून एक एकोणीस वर्षांची मुलगी आणलीय, त्या म्हणाल्या. तोच विषाणू. ताप डोक्यात चढलाय. कंपनीच्या लोकांच्या अँटीबॉडी आता ओसरल्यात, तुमच्या रक्तात मात्र भरपूर आहेत, रोज नव्या बनतायत. नियमानं प्रत्यारोपण झालेल्या माणसाचं रक्त घेता येत नाही. पण त्यातून नुसत्या अँटीबॉडी गाळून घेता येतात. तुम्हाला थोडा थकवा येईल. नाही म्हणालात तरी चालेल.

कालिंदीनं अशील समोर बसवून ठेवलं होतं, त्याला तिनं हात जोडून उद्या यायला सांगितलं. गाडीत सावनीनं विचारलं, कोण आहे गं ती? कालिंदी म्हणाली, मलाही माहीत नाही.

हॉस्पिटलात सुई टोचून घेताना तिनं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. ती मुलगी राईत कशाला झोपली होती? डॉक्टरांनी सांगितलं, कंपनीत ह्या वर्षीपासून मुलीही काम करतात. ही पहिलीच. बापाचा पेटारा घेऊन गेली.

"बाप कुठे असतो तिचा?"

डॉक्टरांनी सुईवरची पट्टी नीट केली. मग म्हणाल्या, ते मला सांगता येणार नाही. वकिलाला तेवढं उत्तर पुरलं. कालिंदी छताकडे बघत पडून राहिली. तिच्या उजव्या बरगडीखाली ते ऊबदार, जड, कामाला लागलेलं होतं. तिनं त्यावर हात ठेवला.

तासाभरानं गाळलेली पिशवी तयार झाली. फिकट पिवळी, पित्ताच्या त्या थेंबाच्या रंगाची. देण्याआधी यंत्रातून ताडून बघायची पद्धत होती. बराच वेळ झाला तरी पिशवी काही वर मुलीकडे जाईना. शेवटी एक तरुण तंत्रज्ञ पिशवी हातात धरून बाहेर आला, गोंधळलेला. नवीनच लागला होता, त्याला आधीचं काही माहीत नव्हतं.

"मॅडम, माफ करा, यंत्र बिघडलंय बहुतेक," तो म्हणाला. "दोनदा चालवलं. तुमच्या अँटीबॉडीची धाटणी पेशंटशी जुळवतंय आणि नातं विचारलं की वडील म्हणतंय."

सावनी उठून उभी राहिली. डॉक्टर मुजावरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"यंत्राला काही झालेलं नाही," कालिंदी म्हणाली. "वडिलांचंच आहे ते. जा, लावा तिला."